जून, जुलै, ऑगस्ट आणि मास्तरांची ‘फुकट सहल’

अमेरिकेतल्या शिक्षकांना एक विनोद ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. शिक्षकी पेशात येण्याची तीन कारणं कोणती? जून, जुलै आणि ऑगस्ट. त्यातून इतिहासाचा किंवा नागरिकशास्त्राचा एखादा शिक्षक ‘यंदा फेलोशिपवर जर्मनीला चाललोय’ म्हणाला, की विनोदाला आणखी धार चढते. भरपगारी सुट्टी, वर सरकारी खर्चानं सहल, माणसाला आणखी काय हवं!

सुरुवात ‘भरपगारी’पासूनच करू. तिथल्या बहुतेक सरकारी शाळांमध्ये शिक्षकांचा करार साधारण दहा महिन्यांचा असतो आणि पगार तेवढ्याच कामाचा ठरतो. जुलैत काहींच्या खात्यात पैसे जमा होताना दिसतात खरे, पण ती सुट्टीची बक्षिसी नव्हे. दहा महिन्यांचा पगार बारा हप्त्यांत वाटून घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते, त्यामुळे उन्हाळ्यात हातात येतो तो आधीच कमावलेला, मागे ठेवलेला पैसा. सुट्टीत उन्हाळी शाळेत शिकवणारे, शिकवण्या घेणारे किंवा दुकानात काम करणारे शिक्षक म्हणूनच थोडेथोडके नाहीत. फेलोशिपला जायचं म्हणजे त्या कमाईवर पाणी सोडायचं.

बरं, शिकणं हे ऐच्छिकही नाही. शिक्षकाचा परवाना टिकवायचा तर ठरावीक तासांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. पाच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये १०० तास, इलिनॉयमध्ये १२०, टेक्ससमध्ये १५०. आपल्याकडे बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळवताना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे तासांचं गणित वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिथे हे तास कुठे आणि कसे भरायचे याची निवड बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हातात असते.

मग सामाजिक शास्त्रांच्याच शिक्षकांसाठी इतक्या फेलोशिपा का? त्यांच्यावर कोणाची खास मर्जी आहे म्हणून नव्हे. उलट, शाळेच्या हिशेबात हा विषय मागच्या बाकावर गेला म्हणून. जानेवारी २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली आणि वाचन व गणिताच्या वार्षिक चाचण्यांवर शाळांचं मूल्यमापन होऊ लागलं. पुढे त्यात विज्ञानही आलं, इतिहास-नागरिकशास्त्र मात्र बाहेरच राहिलं. ज्याची परीक्षा त्याचं प्रशिक्षण, हा शाळांचा व्यवहार जगभर सारखाच. जिल्ह्याचा प्रशिक्षणाचा पैसा वाचन-गणिताकडे वळला, आणि इतिहासाच्या शिक्षकाला बाहेरची दारं ठोठावावी लागली. ती दारं म्हणजे विद्यापीठं, संग्रहालयं, खासगी प्रतिष्ठानं आणि परदेशी सरकारं.

यातलं सगळ्यात ओळखीचं दार ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज’चं, म्हणजे एनईएचचं. ही केंद्र सरकारची संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. विद्यापीठं आणि संग्रहालयं तिच्या अनुदानावर शिक्षकांसाठी एक ते चार आठवड्यांचे उन्हाळी वर्ग भरवत आली आहेत. ‘सगळा खर्च सरकार करतं’ या समजुतीची इथे परीक्षा होते. गेल्या काही वर्षांत एका आठवड्याच्या निवासी वर्गासाठी १,३०० डॉलर आणि चार आठवड्यांसाठी ३,४५० डॉलर मानधन ठरलेलं होतं. त्यातच विमानाचं तिकीट, वसतिगृहाचं भाडं आणि जेवण भागवायचं. उरलं तर शिक्षकाचं, कमी पडलं तरी शिक्षकाचंच. शिवाय हे मानधन करपात्र असतं. एवढ्यात कोणी मजा मारून येत असेल, तर त्याला अर्थशास्त्र शिकवायला बसवावं.

तिथे चालतं काय, हे एका उदाहरणावरून कळेल. मिसिसिपी राज्यात क्लीव्हलँड नावाच्या लहानशा गावी डेल्टा स्टेट विद्यापीठ आहे. तिथे एनईएचच्या मदतीनं अनेक उन्हाळे ‘द मोस्ट सदर्न प्लेस ऑन अर्थ’ ही आठवडाभराची कार्यशाळा भरत आली. देशभरातले शिक्षक येत आणि बसमधून मिसिसिपी डेल्टा हा सगळा भाग पालथा घालत. विषय होते कापूस, ब्लूज संगीत, १९२७ चा महापूर आणि नागरी हक्कांचा लढा. मिसिसिपीतला जुलै म्हणजे अंगाला चिकटणारा दमट उकाडा.

याच भागात समनर नावाच्या खेड्यात एक न्यायालय आहे. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा ऑगस्ट १९५५ मध्ये खून झाला, आणि त्याचा खटला पुढच्याच महिन्यात इथे चालला. बारा गोऱ्या ज्यूरींनी ६७ मिनिटांत दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. काही महिन्यांनी त्या दोघांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला खुनाची कबुली दिली, पण एकदा सुटलेल्यांवर पुन्हा तोच खटला चालवता येत नव्हता. इतपत मजकूर चांगल्या पाठ्यपुस्तकात सापडतो. त्या कोर्टरूमचं रूप आता पुन्हा १९५५ सारखं केलंय. तिथे उभं राहिलं की साक्षीदार, आरोपी आणि ज्यूरी एकमेकांच्या किती जवळ बसले होते ते दिसतं. भर कोर्टात गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवून ‘तो हा’ असं सांगायला टिलच्या आजोळच्या वृद्ध मोझ राइटना काय छाती लागली असेल, हे त्या खोलीची लांबी-रुंदी पाहिल्यावर वेगळ्या तऱ्हेनं कळतं.

जवळच टालाहाची नदीकाठी, मृतदेह जिथे मिळाला असं मानलं जातं तिथे, एक फलक आहे. आधीचे फलक कोणी चोरून नेले, कोणी गोळ्या घालून त्यांची चाळण केली. अखेर २०१९ मध्ये तिथे सुमारे ५०० पौंड वजनाचा, गोळी आरपार न जाणारा फलक बसवावा लागला. ‘हा सगळा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा मामला’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला या फलकाचा फोटो पुरतो. २०२३ मध्ये हे न्यायालय आणि हा नदीकाठ राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाले.

डेल्टातच रोझडेल गाव आहे. तिथल्या चिनी किराणा दुकानदाराच्या मुलीला, मार्था लमला, गोऱ्यांच्या शाळेतून काढून टाकलं. तिच्या वडिलांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२७ मध्ये ते हरले. वर्णभेदाचा इतिहास फक्त काळा-गोरा असा दोन रंगांत शिकवणाऱ्याची तिथे चांगलीच पंचाईत होते, आणि ती व्हायलाच हवी.

प्रवास म्हणजे परदेश, हाही असाच एक समज. वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाची ऐतिहासिक सोसायटी आणि ‘स्ट्रीट लॉ’ ही संस्था मिळून १९९५ पासून शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतात. तो जूनमध्येच का? न्यायालयाचं सत्र जूनअखेर संपतं आणि गाजलेल्या खटल्यांचे निकाल त्याच दिवसांत लागतात. शिक्षक सहा दिवस वकिलांकडून चालू प्रकरणं समजून घेतात, अभिरूप न्यायालयात स्वतः वकील आणि न्यायमूर्ती होऊन युक्तिवाद करतात आणि एका सकाळी प्रत्यक्ष न्यायदालनात बसून निकाल ऐकतात. न्यायमूर्तीच्या भूमिकेत एकदा अडचणीत आलेला शिक्षक पुढच्या वर्षी वर्गात ‘न्यायालयानं असा निकाल दिला’ एवढं एका वाक्यात सांगून पुढे सरकत नाही.

काही फेलोशिपा तर बंधनपत्रासारख्याच असतात. जेम्स मॅडिसन फेलोशिप अमेरिकन काँग्रेसनं १९८६ मध्ये कायद्यानं निर्माण केली. राज्यघटनेच्या अभ्यासावर भर देऊन एम.ए. करणाऱ्या शिक्षकाला तीत कमाल २४,००० डॉलर मिळतात. बदल्यात जॉर्जटाऊन विद्यापीठातला उन्हाळी वर्ग पुरा करायचा आणि जितक्या वर्षांची मदत घेतली तितकी वर्षं शाळेत शिकवायचं. नाही शिकवलं तर पैसे परत. ‘हे सगळं बड्या शहरांतल्या नामांकित शाळांचं’ या तक्रारीलाही इथे उत्तर आहे, कारण पुरेसे अर्ज असतील तर प्रत्येक राज्यातून दर वर्षी किमान एक फेलो निवडायचा, अशीच रचना आहे.

एक समज मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. परदेशी सरकारनं तिकीट काढलं की शिक्षक त्या देशाचे गोडवे गातो, असं म्हणतात. देश पैसे खर्च करतात ते आपली प्रतिमा उजळावी म्हणूनच, यात शंका नको. जपान सरकारनं १९९७ पासून दहा-बारा वर्षं ‘फुलब्राइट मेमोरियल फंड’मधून सहा हजारांहून अधिक अमेरिकन शिक्षकांना तीन-तीन आठवडे जपानमध्ये नेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जपानी तरुणांना अमेरिकेत शिकायला मिळालं, त्याची ती परतफेड होती. शिक्षक शाळांमध्ये बसले, जपानी घरात पाहुणे म्हणून राहिले, मुलांना स्वतः वर्ग झाडताना आणि एकमेकांना जेवण वाढताना त्यांनी पाहिलं. जर्मनीचा ‘ट्रान्सअटलांटिक आउटरीच प्रोग्राम’ २००२ पासून सुरू आहे. गोएथे इन्स्टिट्यूटच्या या उपक्रमात जर्मन परराष्ट्र खात्याबरोबर खासगी कंपन्या आणि प्रतिष्ठानंही भागीदार आहेत. पण ज्या बर्लिननं ब्रांडेनबुर्ग गेटला लागून ज्यू संहाराचं २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं स्मारक उभारलं, तिथे पाहुण्याला फक्त छान छान दाखवणं यजमानालाही अवघडच. चीनची गोष्ट वेगळी निघाली. तिथल्या सरकारी हानबान संस्थेच्या मदतीनं अमेरिकेत कॉलेज प्रवेशाच्या चाचण्या घेणारं कॉलेज बोर्ड शाळा चालवणाऱ्यांना चीनला नेत असे. टीका वाढली आणि २०२० मध्ये बोर्डानं ते संबंध तोडले. तेव्हा पैसा परदेशी आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये. शिक्षकाला यजमानाच्या तोंडावर अडचणीचे प्रश्न विचारता येतात का, हे पाहावं.

घरच्या पैशाचा तरी भरवसा असतो, असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये एनईएचची बहुतेक चालू अनुदानं अचानक रद्द झाली. उन्हाळा दोन महिन्यांवर आला होता, निवडी होत आल्या होत्या. अनेक आयोजकांना कार्यक्रम गुंडाळावे लागले. काहींनी दुसरीकडून पैसा उभा केला. कायमची सरकारी मेजवानी असती, तर ती एका पत्रानं उठली नसती.

अमेरिकेत शाळांतून शिकवणाऱ्या मराठी मंडळींमध्ये आणखी एक समज पक्का असतो: नागरिकत्व नाही, म्हणजे आपल्यासाठी काहीच नाही. मॅडिसन फेलोशिपपुरतं ते खरं आहे. एनईएचचा नियम मात्र तसा नव्हता. अर्जाच्या मुदतीआधी सलग तीन वर्षं अमेरिकेत राहिलेल्या परदेशी नागरिकालाही अर्ज करता येत असे. निवडीत पदव्यांच्या माळेपेक्षा ‘हे शिकून वर्गात काय करणार’ या छोट्या निबंधाला वजन असे.

आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकाला? उलट दिशेची वाट आहे. ‘फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट’ या कार्यक्रमात भारतातले माध्यमिक शिक्षक सुमारे सहा आठवडे अमेरिकन विद्यापीठात राहतात आणि तिथल्या शाळांमध्ये जाऊन शिकवतात. इंग्रजी, गणित आणि विज्ञानाबरोबर सामाजिक शास्त्रांचे शिक्षकही त्यात बसतात. पाच वर्षांचा अनुभव लागतो, प्रवास-निवासाचा खर्च कार्यक्रम उचलतो. भारतात याचं काम ‘युसिफ’ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था पाहते. त्या त्या वर्षीची घोषणा वाचूनच अर्ज करावा. इथे उन्हाळ्याचा काहीच संबंध येत नाही. तुकड्या जातात त्या तिथली शाळा-कॉलेजं सुरू असताना, म्हणजे आपल्याकडे सहामाही किंवा दहावीच्या सराव परीक्षांच्या धामधुमीत. त्यामुळे निबंध कितीही झकास उतरला, तरी आधी मुख्याध्यापकांना गाठून रजेचं बोलून घ्यावं लागतं.