विमानांतील पाहुणें यंत्र



लोणावळ्यास पावसाळा सुरू झाला म्हणजे दरींतून ढग वर चढतो आणि समोरचा डोंगर पाहतां पाहतां नाहींसा होतो. अशा वेळीं मावळावरून एखादें लहान विमान जात असलें, तर वैमानिकास डोळ्यांचा उपयोग राहत नाहीं. पुढील फळीवरचीं यंत्रें सांगतील तेंच खरें मानून त्याला चालावें लागतें. म्हणून त्या फळीवर कोणतें यंत्र, कोणीं व कसें बसविलें, हा प्रश्न केवळ कागदपत्रांचा नाहीं.

विमान एका कारखान्याचें असतें. रेडिओ, दिशादर्शक किंवा रडारला आपली ओळख कळविणारा ट्रान्सपॉन्डर हीं यंत्रें पुष्कळदां दुसऱ्याच कारखान्यांचीं असतात. मालकास वाटतें, यंत्रावर मान्यतेचा शिक्का आहे. मग हरकत कोणती? येथेंच चूक होते. शिक्का त्या यंत्रापुरता असतो. विशिष्ट विमानांत तें बसविण्यास निराळी मान्यता लागते.

ह्याचें कारण आमच्या बोरघाटांत समजतें. १८६३ सालीं सुरू झालेल्या ह्या लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. म्हणून कर्जत येथें गाडीस मागून जादा इंजिनें जोडतात. इंजिन कितीहि उत्तम असो, जोडल्यावर सबंध गाडीचे ब्रेक नीट लागतात ना, हें पाहावेंच लागतें.

विमानाचेंहि तसेंच. नव्या यंत्राच्या वजनानें तोल ढळत नाहीं ना, विजेचा भार जनित्रास पेलतो ना, तारेंतील प्रवाहामुळें होकायंत्र चुकीची दिशा दाखवीत नाहीं ना, एरियलसाठीं पाडलेल्या भोकानें पत्रा दुबळा झाला नाहीं ना, हें सर्व तपासावें लागतें. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास मान्य असलेल्या आराखड्याप्रमाणेंच काम व्हावें लागतें. परदेशांतील मान्यता असली तरी आपल्या महासंचालनालयानें ती स्वीकारावी लागते. मग परवानाधारक अभियंत्याची सही, वजनाचा नवा तक्ता आणि वैमानिकाच्या पुस्तिकेंत पुरवणी.

अपघातांत आपोआप हांक देणारें संकटसूचक यंत्र घ्या. त्याचा ४०६ मेगाहर्ट्झवरील संदेश उपग्रहामार्फत इस्रोच्या बंगळूर येथील केंद्रांत पोहोंचतो. यंत्राची तेथें नोंदच नसेल, तर हांक ऐकूं येईल. पण विमान कोणाचें व विचारावें कोणास, हें शोधण्यांत मोलाचा वेळ जाईल.

ह्या नियमांचा संथपणा अनेकांना जाचतो. मुंबईस कांदिवली येथें अमोल यादव ह्यांनीं घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं तें प्रदर्शनांत मांडलें गेलें. नोंदणी २०१७ सालीं झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळाली ती २०१९ सालीं. असा विलंब कमी व्हावा, हें म्हणणें रास्त आहे. १९३४ च्या कायद्याच्या जागीं १ जानेवारी २०२५ पासून नवा अधिनियमहि आला आहे. परंतु कायदा बदलला तरी मूळ प्रश्न बदलत नाहीं: हें विमान, आज आहे त्या स्थितींत, आकाशांत जाण्यास योग्य आहे काय?

ढगांत शिरलेल्या वैमानिकास यंत्राची परीक्षा घेण्यास सवड नसते. ती आधींच, जमिनीवर, शांतपणें घेतलेली असावी लागते. पुढच्या वेळीं घाटावर विमानाचा आवाज आला आणि विमान दिसलें नाहीं, तर श्रोत्यांनीं त्या अभियंत्याच्या सहीचें स्मरण करावें.