तोंडातली सिक्युरिटी

लाळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. बॉसपुढे लाळघोटेपणा करणारा कलीग नाहीतर वडापाव बघून सुटलेलं पाणी, यापलीकडे तिचा विषयच निघत नाही. मला विचाराल, तर ही आपल्या तोंडाची बिनपगारी सिक्युरिटी आहे!

दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात ९९ टक्के पाणीच. गंमत आहे ती उरलेल्या एका टक्क्यातल्या प्रोटीन्सची. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२२ मध्ये जगासमोर आणलेलं लायसोझाइम जंतूंची भिंतच फोडतं. लॅक्टोफेरिन लोह पकडून ठेवतं, म्हणजे जंतूंची रसद बंद. आणि आयजीए ही अँटिबॉडी त्यांना दातांना चिकटू देत नाही.

मग एवढा बंदोबस्त असून हिरड्यांतून रक्त का येतं? कारण प्लाक. दातांवरच्या या चिकट थराच्या आत जंतू मजेत राहतात, प्रोटीन्सचा तिथं फारसा शिरकाव होत नाही. हिरडी दातापासून सुटून खोल फट पडली, की तिथं लाळ जवळपास पोचतच नाही. तिथला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा गुंड तर लॅक्टोफेरिनचेच तुकडे पाडतो.

माझ्या एका मैत्रिणीनं रक्त येतं म्हणून ब्रश करणंच कमी केलं होतं. मी तिला डेन्मार्कचा किस्सा ऐकवला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅराल्ड लोए यांच्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या! पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज उतरली. म्हणजे रक्त येतंय, तर ब्रश सोडायचा नाही. मऊ ब्रशनं, नीट घासायचं.

झोपेत लाळ खूपच कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश मस्ट. अ‍ॅलर्जीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. स्मोकर्सनी तर जास्तच सावध राहावं, कारण सिगरेटमुळे रक्त कमी येतं आणि आजार लपून राहतो.

सुजलेली हिरडी पूर्ववत होते. पण दाताभोवतालचं हाड एकदा झिजलं की आपोआप भरून येत नाही. तेव्हा रक्त दिसलं की डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्याच. सिक्युरिटी कितीही चोख असली, तरी झाडू आपल्यालाच मारावा लागतो, बॉस!