तोफू, तेल आणि पाणी

चिनी बोलींतील अंतर किती मोठे आहे, याची साक्ष व्याकरणाच्या ग्रंथांपेक्षा स्त्रीपुरुषांच्या चेष्टामस्करीचे शब्द अधिक उघडपणे देतात. कारण लिपी बहुतांशी सामाईक असली, तरी कागदावर एकच दिसणारा शब्द प्रांताची सरहद्द ओलांडताच कुठे निरुपद्रवी, तर कुठे थेट फौजदारी स्वरूपाचा होऊन बसतो.

सिचुआनातील चेंगडू शहरात कोणी 'श्वा फंगयौ', म्हणजे शब्दशः 'मित्राशी खेळणे', असे म्हणाला, तर वडीलधाऱ्यांसमोर निःसंकोच कबूल करता येईल अशी प्रेमसंगती त्याला अभिप्रेत असते. उत्तरेकडच्या कानाला मात्र हेच क्रियापद थिल्लर वाटते. 'श्वा लिऊमांग' म्हणजे स्त्रीशी असभ्य वर्तन करणे, हा प्रयोग तर देशभर प्रचलित आहे. 'लिऊमांग' ही नुसती शिवी नव्हती. १९७९ च्या दंडसंहितेत तो स्वतंत्र गुन्हा होता, १९८३ च्या कठोर गुन्हेगारीविरोधी मोहिमेत त्यापायी कित्येकांना देहान्त शासन झाले, आणि १९९७ च्या दुरुस्तीत तो कलमांतून वगळण्यात आला.

याच्या उलट टोकाला 'छ्र तौफू', म्हणजे तोफू खाणे. बाईशी अंगचटीला जाणे, हा त्याचा तैवानपासून बीजिंगपर्यंत सर्वांना ठाऊक असलेला अर्थ. शांघायच्या बोलीत मात्र एखाद्याची नुसती थट्टा करणे एवढ्यावरही तो भागतो. रूपवती तोफूविक्रेतीच्या दुकानी निमित्त काढून घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकांशी लोकव्युत्पत्ती त्याचा संबंध जोडते, आणि चिनी कथाकार लू शुनच्या १९२१ च्या 'मूळ गाव' या अर्थाच्या शीर्षकाच्या कथेत अशा विक्रेतीला पुरातन सौंदर्यवती शी शृ हिचे नाव उपरोधाने चिकटलेले आहे. त्याच लेखकाने १९३३ साली 'खाययौ', म्हणजे तेल पुसून घेणे, या शब्दावर निबंध लिहिला. त्यात शांघायच्या ट्राममध्ये भाडे घेऊन तिकीट न देणाऱ्या कंडक्टरांची ती चिल्लर अफरातफर आहे. आज हाच शब्द गर्दीत स्त्रीला स्पर्श करण्यासाठीही वापरतात. हाँगकाँगचा कॅन्टोनी माणूस त्यासाठी 'चाउ सोय', म्हणजे पाणी काढणे, असे म्हणतो. जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावातून आपली दस्तुरी कापून घेतो, तिचे हे नाव.

तोफू, तेल, पाणी : तिन्ही जिन्नस स्वस्त, आणि तिन्हींची उचल किरकोळ. प्रस्तुत लेखकाला हे जमाखर्चाचे रूपक निर्दोष वाटत नाही, कारण त्यात गेलेला माल तेवढा मोजला जातो, अपमानाची नोंद होत नाही. आपल्याकडील 'छेडछाड' या खेळकर शब्दानेही अपराध्याची अशीच सोय केली आहे! हाँगकाँगच्या न्यायालयात मात्र पाण्याला थारा नाही. तिथे 'फेइ लाय', म्हणजे मर्यादेविरुद्ध वर्तन, हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला शब्द रूढ आहे, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते.

एक इशारा मात्र प्रवाशाने ध्यानात ठेवावा. शांघायमध्ये एखादा वृद्ध गृहस्थ उद्या तोफूच्या जेवणाला जायचे आहे असे म्हणाला, तर हसू नये. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला तिथे तोफूचेच नाव आहे.