कॉलेज सरकारमान्य आहे का, हे आधी पाहा

गेल्या महिन्यात एक सभासद कारखान्यावर आले. मुलाला कॅनडाला शिकायला पाठवायचे, त्यासाठी अडीच एकर गहाण टाकायची तयारी. कॉलेज कोणते म्हणून विचारले, तर "ते एजंटाला ठाऊक!" बेणे घेताना आपण मळा बघून येतो, आणि इथे नावसुद्धा माहीत नाही. म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

सभासद बंधू-भगिनींनो, कॅनडात कॉलेजशिक्षणाचे स्टडी परमिट सरकारमान्य संस्थेतील प्रवेशावरच मिळते. अशा संस्थेला 'डीएलआय' म्हणतात. तिला क्रमांक असतो, तो इंग्रजी 'ओ' अक्षराने सुरू होतो. सगळी यादी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

पण यादीत नाव आहे म्हणजे झाले, असे नव्हे. शिक्षणानंतर तिथे काम करण्याचा परवाना यादीतल्या सगळ्याच संस्थांच्या मुलांना मिळत नाही. त्याचा वेगळा रकाना यादीत असतो. कर्ज फिटणार ते त्या कामावर, तेव्हा तोच रकाना आधी वाचावा.

प्रवेशपत्राचेही तसेच. बनावट पत्रांवर गेलेल्या भारतीय मुलांवर २०२३ साली हद्दपारीची पाळी आली. त्यातली काही तर शिक्षण पुरे करून नोकरीला लागलेली! १ डिसेंबर २०२३ पासून तिथले सरकार पत्र संस्थेकडून पडताळून घेते. तरी आपणही कॉलेजला थेट लिहून विचारावे, आणि फी एजंटाच्या हाती देऊ नये.

त्या सभासदांच्या कॉलेजचे नाव यादीत निघाले, पण काम-परवान्याच्या रकान्यात 'नाही' होते. गहाणखत तूर्त थांबले आहे.