रुतलेलं चाक आणि घाटातली किल्ली
(गाडी समजून घेताना : भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण एबीएस पाहिलं. ट्रॅक्शन कंट्रोल हे त्याचंच भावंड. चाकाजवळचे सेन्सर तेच, काम उलटं. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही; हे ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी गरगरू देत नाही. गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो, इंजिनचा जोरही कमी होतो. तेव्हा डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं. लुकलुकलं, तर पाय जरा उचला. पेटूनच राहिलं, तर कुणीतरी बटण दाबून ते बंद केलंय, नाहीतर बिघाड आहे.

धुळे-जळगाव रस्त्यावर पहिल्या पावसात ते चालूच हवं. डांबरावर तेल-धूळ आणि फाट्याफाट्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणून टाकलेली काळी माती.

पण त्याच मातीत गाडी रुतली की ते आडवं येतं. पारोळ्याजवळ शेतरस्त्यावर माझी रुतली होती. टायरच्या खाचा चिखलानं भरून टायर नुसता काळा गोळा झालेला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन घुसमटायचं, कारण चाक घसरतंय म्हणून यंत्रणा जोरच काढून घ्यायची. बटण दाबून ती बंद केली, तर मी जोशात भलतीच रेस दिली. ‘‘भाऊ, रेस देऊ नका, अजून खाली जाईल,’’ शेतकरी म्हणाला. त्यानं बांधावरच्या पऱ्हाट्या आणून चाकापुढे घातल्या. दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू, गाडी निघाली. डांबरावर आल्यावर बटण पुन्हा चालू करायचं, हे मात्र बरेच जण विसरतात.

आता पॉवर स्टेअरिंग. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे अजून भेटतात. मला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. स्टेअरिंगची मदत, पंपाची असो की विजेच्या मोटरची, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की जाते. ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते. किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉकच होऊ शकतं. आणि वाचतं काय? आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंधन जवळपास तोडतातच. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

इंजिन आपणहून बंद पडलं, तर घाबरू नका. स्टेअरिंग वळतं, फक्त जड होऊ शकतं. दोन्ही हातांनी वळवा. ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरा.

राहिलं पार्किंग. जळगावच्या फुले मार्केटजवळ गाडी घुसवताना स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच दाबून धरलं, तर पंपातलं तेल किंवा मोटर तापते. पंपवाल्या गाडीत बेल्ट कुईकुई करायला लागला की स्टेअरिंग बोटभर मागे घ्या.