कॉलऱ्याच्या जंतूचा घरजावई

पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यातील नाले भरून वाहू लागले की आतल्या अनेक गावांचा रस्ता तुटतो. याच दिवसांत विहिरी, बोड्या आणि झऱ्यांत गढूळ पाणी उतरते आणि हगवण-उलट्यांचे रुग्ण वाढतात. त्यात कॉलरा असेल तर काही तासांतच शरीरातले पाणी संपून जीव धोक्यात येतो. तरीही ‘वाहते पाणी शुद्धच’ हा समज कायम आहे.

या समजात सत्याचा एक अंश आहे. आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 मध्ये लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात; पाणी उकळले की मात्र हा गुण नाहीसा होतो. पुढे 1917 मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स डी’हेरेल यांनी जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’, म्हणजे जिवाणूभक्षक, हे नाव दिले. हँकिन यांना दिसलेला परिणाम अशाच विषाणूंचा असावा, असे अनेकांना वाटते.

फेज माणसाच्या पेशींना हात लावत नाहीत. त्यांची जगण्याची तऱ्हा दोन प्रकारची. काही फेज जिवाणूत शिरतात, आपल्या शेकडो प्रती काढतात आणि जिवाणू फोडून बाहेर पडतात. काही मात्र घरजावई होतात. आपली जनुके जिवाणूच्या जनुकांत मिसळून तिथेच मुक्काम ठोकतात आणि जिवाणूच्या प्रत्येक पिढीबरोबर वाढत राहतात.

कॉलऱ्यात असाच एक घरजावई आहे. रुग्णाचे पाणी काढून घेणारे विष बनवण्याचे जनुक मुळात जिवाणूचे नाही, ते एका फेजने आणलेले आहे. वॉल्डोर आणि मेकालानोस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये हे दाखवून दिले. घटसर्पाचे विषही असेच फेजकडून येते. पाहुण्याचा यात फायदाच. जुलाब जितके जास्त, तितके जंतू पुन्हा पाण्यात जातात आणि त्यांच्यासोबत फेजही पसरतो.

मारणाऱ्या फेजपासून वाचण्यासाठी जिवाणू आपले बाहेरचे रूप बदलतात. मग फेजही बदलतात. ही शर्यत कधी संपत नाही. म्हणून नदीतले फेज आपले राखणदार आहेत, असे मानून चालत नाही. एकाच पाण्यात जंतूला मारणारे आणि त्याला विषारी करणारे, दोन्ही असू शकतात.

म्हणून पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे किंवा मेडिक्लोर टाकून अर्धा तास ठेवावे. जुलाब सुरू होताच ओआरएसचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. पाकीट नसेल तर सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एक लिटर पाण्यात घालावे. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. तांदळाच्या धुवणासारखे पाणी पडू लागले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर रस्ता मोकळा होण्याची वाट पाहू नये. आशाताईला त्याच वेळी कळवावे आणि पाणी पाजत पाजतच रुग्णाला हलवावे.