शकुंतला थांबायची तेव्हा

धाकट्या भावाच्या झोपेच्या तपासणीचा अहवाल गेल्या महिन्यात नागपूरहून आला. तासाला 41 वेळा श्वास अडतो, ऑक्सिजन 74 पर्यंत उतरतो. तो वाचून मी कपाटातली अण्णांची फाईल काढली.

अण्णा कारंज्यात एका अडत्याकडे दिवाणजी होते. मनात रुतून बसलं ते 2005 ते 2015 हे दशक.

पऱ्हाटी मागे पडून सोयाबीनच्या पोत्यांनी यार्ड भरू लागलं होतं. अण्णा दुपारी खतावणीवरच मान टाकायचे आणि शेठची बोलणी खायचे. रात्री ओसरीवरच्या बाजेवरून त्यांचं घोरणं गल्लीच्या टोकापर्यंत जाई. शकुंतला म्हणजे आमच्या गावावरून जाणारी छोटी रेल्वेगाडी. आम्ही भावंडं म्हणायचो, "शकुंतला निघाली." मध्येच ते थांबे, घर एकदम शांत होई. "आता मूर्तिजापूरला थांबली." आम्ही हसायचो. आई मात्र उठून बसायची. "त्याईचा दम अटकला रे, हालव त्याईले."

फाईलमध्ये दहा वर्षांचे लिपिडचे कागद आहेत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 150 च्या आत हवं. अण्णांचं एकदाही 300 च्या खाली आलं नाही. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, तेल कमी करा. आईने फोडणी जवळजवळ बंद केली, तरी आकडा हलेना. मग डॉक्टरांनी आळ घेतला, हे चोरून खातात. मीही तसंच समजलो आणि एकदा अण्णांना तोंडावर बोललो. त्यांनी ताट सरकवलं. ते ताट मला आजही दिसतं.

झोपेत श्वास अडण्याच्या विकाराबद्दल तेव्हाही माहिती होती. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाचे, स्वतःला निरोगी समजणारे पुरुष तपासले होते. शंभरांत साडेसात जणांना हा विकार निघाला. तो अभ्यास 2004 चा. 2005 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी उंदरांचा ऑक्सिजन पुन्हापुन्हा कमी करून पाहिला, तर त्यांच्या रक्तातली चरबी वाढली. ऑक्सिजन उतरला की यकृत जास्त चरबी तयार करतं; रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही मंदावतं, असं पुढे दिसलं. अण्णांच्या बाबतीत हेच एक कारण होतं असं मी म्हणत नाही. वजन होतं, आनुवंशिकताही असेल. श्वासाचं मशीन लावल्यावर माणसांची चरबी थोडीशीच उतरते, गोळ्या सुटत नाहीत. पण "घोरता का? श्वास थांबतो का?" एवढं विचारायला काय लागत होतं? उत्तर द्यायला आई शेजारीच उभी असायची.

2015 च्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले.

2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आले. 94 च्या खाली आकडा गेला की धावपळ करायची, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालं. लाट ओसरली, ऑक्सिमीटर खणात गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले. झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचं नाव दोन दिवस बातम्यांत होतं. मी पाहिलेल्या शिबिरांत आजही साखर बघतात, बीपी बघतात, झोपेचं कोणी विचारत नाही.

शकुंतला आता बंद आहे. भाऊ श्वासाच्या मशीनचा मास्क लावून निजतो, आवाज येत नाही. आई तरीही रात्री दोनदा उठते आणि त्याच्या दाराशी कान देऊन उभी राहते.